फोनमध्ये वाळलेली माणसं

आमच्या मेलेनाइतेताईकडे फोन आला, त्याच्या खोक्यावर इतकं काही छापलं होतं की नुसतं खोकं आलं असतं तरी गाव महिनाभर वाचत बसलं असतं. ‘टायटोरा अल्ट्रा. राजाच्या थाटाचा, प्रजेच्या ऐपतीचा.’ मागे चार कॅमेरे. एकशे आठ मेगापिक्सेल. पाण्यात पडला तरी चालेल. (खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: पाण्यात पाडू नये.)

पाठवला होता सालेसीनं. सालेसी म्हणजे ताईचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा. गावातल्या पोरांबरोबर तो क्वीन्सलंडला संत्री तोडायला गेला होता. तिथं एका दुकानात एकावर एक फुकट अशी जोडी मिळत होती. एक फोन त्यानं स्वतःला ठेवला, एक आईला धाडला.

फोन सुरू करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पांगाईच्या धक्क्यावर मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आणि आमच्या बेटावर लोकांना वाटतं, ज्याला डिझेल कळतं त्याला सगळंच कळतं. मी चारही कॅमेऱ्यांवर एकेक करून बोट ठेवून पाहिलं. एकावर ठेवलं तेव्हा अंधार झाला. बाकी तिघांवर ठेवलं तरी चित्र ढिम्म. म्हणजे बघणारा एक आणि मिरवणारे तीन, आमच्या गावसमितीसारखं.

आता बहीण चटईवर बसलीय आणि भाऊ तिच्या शेजारी बसून त्याच पडद्यात डोकं खुपसतोय, हे आमच्यात चालत नाही. बहिणीचा मान मोठा. म्हणून मी ओसरीवर, भिंतीला पाठ लावून, तोंड रस्त्याकडे. ताई आत. शिकवणी खिडकीतून.

"सेफा, हिरवं दाबू का?"

"दाब ना ताई."

"दोन हिरवी आहेत."

"मग वरचं."

"दाबलं. पाद्रीबाबांना लागला."

"तोड, तोड!"

"ते विचारतायत, कोण गेलं?"

असं करत करत एकदाचा सालेसीला फोन लागला, आणि ताईनं असा हंबरडा फोडला की पाद्रीबाबांचा प्रश्न बरोबर होता असंच मला वाटलं.

"काय झालं ताई?"

तिनं फोन खिडकीतून माझ्या हातात कोंबला. मी पाहिलं. हा आमचा सालेसी? गावातून गेला तेव्हा पोराचा चेहरा फणसाएवढा होता. आणि पडद्यावर? गाल गेलेले, हनुवटी खाली निमुळती, आंब्याच्या कोयीसारखी. रंग पिठासारखा. डोळे तेवढे मोठे झालेले, भुकेल्या माणसाचे होतात तसे. कोपऱ्यात एका छोट्या चौकटीत आणखी कोणीतरी देखणा, सडपातळ गडी होता. मी म्हटलं, जाहिरात असेल.

"अरे, जेवतोस का नाही?" मी ओरडलो.

"जेवतो की मामा! तू बाजूला हो, मला आईला बघू दे. आईला काय झालंय? एवढी कशी वाळली ती?"

"मी वाळले?" ताई आतून कडाडली. "माझ्यावर ढकलू नकोस! आरशात बघ आधी!"

"आई, तू दुखणं लपवतेयस."

"तू भूक लपवतोयस!"

पुढचं काही कळायच्या आत फोन तव्यासारखा तापला, ‘उपकरण थंड होऊ द्या’ म्हणाला आणि विझला. खोक्यावर लिहिलेलं, वेग चित्त्याचा. असेलही. पण दम म्हाताऱ्या कोंबडीचा.

आमच्यात माणूस भरलेला दिसला की समजायचं, घरात सगळं ठीक आहे. वाळलेला दिसला तर कारणं तीनच: आजार, उपास, नाहीतर बाईचं लफडं. ताईनं तिन्ही धरून चालायचं ठरवलं.

तिला खरं तर एकच गोष्ट म्हणायची होती. ये. नवरा गेल्यापासून घरात ती दोघंच. पोरगा गेल्यावरही ती रताळी दोघांची उकडायची आणि उरलेली डुकरांना घालताना त्यांच्यावरच चिडायची. पण साऱ्या गावानं प्रार्थना करून कमवायला पाठवलेल्या पोराला आई ‘ये’ म्हणत नाही. गाव काय म्हणेल? पोरगा काय म्हणेल? म्हणून ती म्हणायची, जेव. दर रविवारी म्हणायची, जेव. आणि पुढं काहीतरी म्हणायला तोंड उघडायची तोवर फोन तापून विझायचा.

त्यावर तिनं उपाय काढला. दुकानातून गोठवलेल्या मटणाच्या फासळ्यांचं पाकीट आणायची आणि फोन त्याच्यावर ठेवून बोलायची. पाच-सात मिनिटं जास्त मिळायची. फोनला मात्र असा वास लागला की गावातली कुत्री तिच्या खिशामागे फिरायला लागली.

सालेसीबरोबरची पोरं घरी सांगायची, तो दणकून जेवतो म्हणून. ताई म्हणायची, "सांगणारच. दोस्त आहेत ना." मग तिनं मोहीम उघडली.

विमानतळावर वजनकाट्याशी बसणारा फोलाउ, त्याची मावशी ब्रिस्बेनला निघाली होती. ताईनं एक अख्खं पिल्लू डुक्कर भाजलं, दुपट्यात गुंडाळलं आणि मावशीच्या मांडीवर दिलं. ब्रिस्बेनच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, काय आहे? मावशी हळू आवाजात म्हणाली, "आत्ताच झोपलंय." अधिकारी भला माणूस. बाळाचं तोंड बघावं म्हणून त्यानं कौतुकानं दुपट्याचं टोक उचललं. मावशी सांगते, त्यानंतर त्याला बसायला खुर्ची द्यावी लागली. डुक्कर जप्त झालं.

मग पाद्रीबाबांनी सालेसीच्या मालकाला, बॅरीला, इंग्रजीतून निरोप लिहिला. इंग्रजी बायबलातलं होतं, त्यामुळे तो बराच धमकीसारखा झाला. बॅरी घाबरला. त्यानं सालेसीला समोर बसवून मटणाचे चार पाय खाऊ घातले आणि पुरावा म्हणून सालेसीच्याच फोनवर खातानाचं चित्र काढून पाठवलं. ताईनं ते पाहिलं. तोंडात पाय, हातात पाय, आणि चेहरा तसाच कोयीसारखा.

"खातोय आणि अंगाला लागत नाहीये!" ती म्हणाली. "जंत झालेत."

जंतांचा काढा पाठवायला तिला ब्रिस्बेनला जाणारं कोणी मिळालं नाही, एवढं ऑस्ट्रेलियाचं नशीब. फोलाउच्या मावशीनं तर हात जोडले.

एक दिवस मी धक्क्यावर इंजिनात हात घालून बसलो होतो तेव्हा माझा जुना बटणांचा फोन वाजला. सालेसी.

"मामा, खरं सांग. आईला काय झालंय?"

"काही नाही रे."

"वाळलीय ना?"

आता इथं मी अडकलो. बहिणीच्या अंगाविषयी भावानं बोलायचं नाही. जाड नाही, बारीक नाही, केस पिकले नाही, काहीच नाही. जीभ उचलतच नाही. भाच्याला हे माहीत आहे, पण काळजीत माणूस विसरतो.

"ते मी कसं सांगू?" मी म्हटलं.

"म्हणजे वाळलीय."

"मी असं म्हटलं नाही."

"मग जाड आहे म्हण."

"सालेसी! ती माझी बहीण आहे!"

"समजलो, मामा," तो म्हणाला. "तू नको बोलूस. बॅरी विचारतोय, हंगाम संपल्यावर थांबतोस का. पुढची बाग, मग पुढचं वर्ष. मी नाही म्हणणार होतो. मला घरी यायचं होतं, मामा. इथं सगळं आहे, पण संध्याकाळी सगळे फोनला तोंड लावून बसतात आणि ज्याला त्याला आपापलं बेट आठवतं. पण आता थांबतो. आईला ऑकलंडच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं. मंगळवारी सही करतो."

"अरे पण..."

"आईला सांगू नकोस. जीवाला लावून घेईल."

मी अर्थातच सांगितलं. ओसरीवर बसून, रस्त्याकडे बघत. ताई आतून म्हणाली, "म्हणजे मी वाळले म्हणून तो येत नाहीये."

"असं म्हणतोय खरा."

"पण मी कुठं वाळलेय?"

"ताई, मला नको विचारूस ना!"

तो शनिवार होता. रविवारी उमूतलं, म्हणजे जमिनीतल्या चुलीतलं, जेवण झाल्यावर पाद्रीबाबा पेनिसिमानी स्वतः ताईच्या घरी आले, पोराच्या गालांसाठी प्रार्थना करायला. पाद्रीबाबा म्हणजे आमच्या गावातलं सर्वांत भरलेलं माणूस. देवळात ते उभे राहिले की मागचं खिडकीचं रंगीत काचेचं चित्र दिसत नाही. जनावरांच्या जोड्यांना बोटीत चढवतानाचं आहे म्हणे, मी अजून पुरतं पाहिलेलं नाही. ते आत चटईवर बसले, मी ओसरीवर. ताईनं फासळ्यांवर फोन ठेवला. सालेसी लागला. पाद्रीबाबांनी डोळे मिटून सुरुवात केली: "हे प्रभो, ह्या लेकराची सुकलेली हाडं..." आणि मध्येच थांबले. त्यांनी डोळे उघडले असणार.

"मेलेनाइते," त्यांचा आवाज आला, "ह्या कोपऱ्यात कोण आहे?"

"कुठं?"

"हा. हा देखणा माणूस. मी हात वर केला की हासुद्धा करतो."

ताईचं हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी मी ते ऐकलं. पाद्रीबाबा फोन घेऊन तरातरा ओसरीवर आले. मटणाचं पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळत होतं.

"सेफानाया, बघ. हा कोण?"

पडद्यात एक पस्तिशीचा, कोरीव हनुवटीचा, गोरापान तरुण होता. पाद्रीबाबांचा डगला घातलेला.

"तुमचा धाकटा भाऊ?" मी म्हटलं.

"मी आहे तो!" पाद्रीबाबा म्हणाले आणि फोन जरा लांब धरून मान तिरकी करून स्वतःकडे बघत राहिले. "असा दिसायचो मी, पाद्री व्हायला शिकत होतो तेव्हा. नाही, असा नव्हतोच दिसत. पण दिसायला हरकत नव्हती."

आतून ताई ओरडली, "म्हणजे हा फोन सगळ्यांनाच वाळवतो!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपऱ्यातली जाहिरात म्हणजे मीच होतो. भिंग हलक्यातलं बसवलं, मग त्याला चेहऱ्यावरचं काही धड दिसेना, म्हणून फोन स्वतःच्या मनानं चेहरा रंगवतो. गंजलेल्या बोटीवर चकचकीत रंग मारतात तसं. आणि रंगवणाऱ्यानं कुठल्यातरी भलत्या गावचं सौंदर्य शिकून ठेवलंय, जिथं गाल असणं हा गुन्हा असावा. मी ते बंद करायला गेलो. पार तळाशी एक बटण सापडलं, ‘नैसर्गिक रूप’. नैसर्गिक! बंद केलं. फोननं विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. त्यानं स्वतःला विझवून घेतलं, परत उजळला, आणि बटण जिथल्या तिथं चालू. पाद्रीबाबा म्हणाले, "राहू दे, राहू दे. जुलूम नको करूस त्याच्यावर."

सालेसीला लगेच सांगितलं. त्याला पटेना.

"तुम्ही सगळे मिळून मला फसवताय. पाद्रीबाबासुद्धा! बाबा, तुम्ही किती वाळलात, गावात साथ आलीय का?"

आता करायचं काय? दाखवायला जावं तर फोन वाळवतो. सांगायला जावं तर पोरगा ऐकत नाही. आणि सांगू शकेल असा सख्खा मामा, त्याच्या जिभेला रीतीचं कुलूप.

ताईनंच मार्ग काढला. "काट्याला हनुवटी नसते," ती म्हणाली.

सोमवारी दुपारच्या विमानाच्या वेळेला आम्ही विमानतळावर गेलो. विमान एवढंसं, म्हणून आमच्याकडे सामानाबरोबर माणसंही काट्यावर चढवतात. फोलाउ काट्यामागे बसला होता, रांगेत सात-आठ प्रवासी.

"कुठं जायचं, मेलेनाइतेकाकू?"

"कुठंच नाही. मला मोज."

"तिकीट?"

"फोलाउ, तुझ्या मावशीच्या मांडीवर मी डुक्कर दिलं होतं, ते तुला आठवतं ना? तिनं मला अजून शिव्या दिलेल्या नाहीत. तू सुरुवात करू नकोस."

फोलाउनं काटा मोकळा केला. मी मुकाट्यानं कुंपणाशी जाऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. फोन धरायचं काम पाद्रीबाबांकडे, खाली फासळ्या. तिकडे सालेसीची जेवणाची सुट्टी, तो फळं भरायच्या शेडमध्ये उभा.

"बाबा, मला आई दिसत नाहीये, तुम्हीच दिसताय."

"हो का? अरेच्चा." पाद्रीबाबांनी नाइलाजानं फोन वळवला.

ताई काट्यावर चढली. काटा कण्हला. मी दोन्ही कानांवर हात ठेवले, पण फोलाउला वजन ओरडून सांगायची सवय, पायलटला ऐकू जावं म्हणून.

"एकशे एकतीस!"

रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी म्हणाली, "देवाची कृपा." मी समुद्राची माफी मागितली.

"काट्यावर धरा बाबा, नीट धरा!" फोनमधून सालेसी. "एकशे... आई! मी इकडे आलो तेव्हापेक्षा वाढलंय!"

"मग? सांगत काय होते मी?"

"तू आजारी नाहीयेस?"

"मी आजारी असले तर ही सगळी विमानं आजारी आहेत. आता तू चढ."

तिकडे संत्र्यांच्या खोक्यांचा काटा होता. सालेसी त्याच्यावर चढला. कोणीतरी आकडा वाचला, तिकडेही पोरांनी आरडाओरडा केला. पोरगा गेला होता तेव्हापेक्षा अकरा किलो जास्त. बॅरीच्या पायांची पुण्याई.

दोघं हसत होती. हसून हसून ताईचा आवाज गेला. मग हसू संपलं.

समुद्राकडे तोंड करूनही मला कळलं की काहीतरी बंद पडलंय. इतके दिवस दोघांपाशी एकेक कारण होतं. तो वाळला म्हणून त्यानं यावं, ती वाळली म्हणून त्यानं थांबावं. आता कोणीच वाळलेलं नव्हतं. नुसती दोन धडधाकट माणसं, मध्ये समुद्र.

"मग," सालेसी म्हणाला, "तू बरी आहेस तर."

"बरी आहे. तूही बरा आहेस."

"हो."

"बॅरी चांगला माणूस आहे."

"चांगला आहे. उद्या सही मागतोय."

"हं."

"मग करू का, आई? डॉक्टरचं तर आता काही नाही. पण देवळाचं छप्पर आहे, घराची मागची खोली आहे. सगळे करतायत सही."

फोननं टुणटुण केलं. ‘उपकरण थंड होऊ द्या.’ पाद्रीबाबा त्याला फुंकर घालू लागले. फासळ्या कधीच वितळल्या होत्या.

ताई काट्यावरून उतरली नव्हती. मागे रांगेतली माणसं, फोलाउ, पाद्रीबाबा, सगळ्यांच्या देखत, ज्या गावानं पोराला पाठवलं त्याच गावासमोर ती उभी होती.

"तू नीट जेवतोस," ती म्हणाली. "मी ठणठणीत आहे. काही कारण नाही. तरी ये."

फोनमधून काहीच आलं नाही. मला वाटलं, मेला. मी मान वळवून पाहिलं, रीत मोडून. फोन जिवंत होता. पडद्यावर तो कोयीच्या चेहऱ्याचा अनोळखी पोरगा तोंड उघडं ठेवून थिजला होता, आणि मग त्या थिजलेल्या तोंडातून, ओठ न हलता, आमच्या सालेसीचा आवाज आला.

"हेच ऐकायला थांबलो होतो, आई. येतो."

हंगाम संपायला अजून बरेच दिवस होते. त्या दिवसानंतर ताई चित्राचं बटण दाबेनाशी झाली. खोटा बघून काय करू, म्हणायची, खरा येतोय. नुसता आवाज लावून ती फोन चटईवर पालथा ठेवते. आणि गंमत अशी की चित्र दाखवायचं नसलं तर तो राजाच्या थाटाचा फोन तापतच नाही. तासन्‌तास चालतो. पाद्रीबाबांनी तो एका रविवारपुरता उसना मागितला होता, ताईनं दिला नाही.

बोलायचं त्यांचं पहिल्या पाच मिनिटांत संपतं. मग कोणी फोन ठेवत नाही. मी संध्याकाळी ओसरीवर असलो तर मला ऐकू येतं. तिकडे सालेसी ताटली धुतो, नळ बंद करतो, कोणाला तरी म्हणतो, मीठ दे. इकडे ताई चटई विणते. मध्येच तो खाकरतो. मध्येच ती म्हणते, "आहेस?"

"आहे."

आणि पुन्हा विणायला लागते.